नळी कापायची कशानं?

(तालुका बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय पत्रकात वाचून काही जण हसले, हे आमच्या कानावर आलं आहे. कापसाच्या भावाचं सोडून ही मंडळी ठिबकची नळी कशानं कापायची यावर बोलणार म्हणे! भावाचं दुपारी बोलूच, त्याशिवाय इथून कुणी उठणार नाही हे आम्हाला माहीत आहे. पण गेल्या दोन हंगामांत गावोगाव फिरताना एक गोष्ट इतक्या वेळा दिसली की ती बैठकीत मांडणं भाग पडलं. पाणी विहिरीतून निघतं, फिल्टरमधून जातं, मोठ्या पाईपनं शेतात येतं आणि जिथं नळी जोडली आहे तिथं गळतं. का गळतं म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं: "माल हलका आहे." काही ठिकाणी माल हलका असेलही. बहुतेक ठिकाणी मात्र जोड उपसून पाहिला तर नळीचं तोंड तिरपं निघालं. विळ्यानं कापलेलं.

आपण कोरडवाहू माणसं. कापूस पावसावर आणि ज्वारी जमिनीतल्या ओलीवर काढणारी. मग आपला आणि नळीचा संबंध काय, असंही कुणी म्हणेल. संबंध असा, की ऑगस्टात तीन आठवडे पावसानं दडी मारली की पात्या गळतात, आणि त्या वेळी विहिरीत जे काही अर्धा-पाऊण तासाचं पाणी असतं ते सगळ्या रानाला पुरवायला ठिबकशिवाय दुसरा मार्ग नाही. ज्वारी पोटरीत येताना नाहीतर फुलोऱ्यात असताना एक पाणी मिळालं तर कणसाचा आकार बदलतो. ज्याच्याकडं कपाशीच्या नळ्या गुंडाळून ठेवलेल्या असतात तो त्या उचलून ज्वारीत टाकतो. २०२३ साली वाशी, धाराशिव आणि लोहारा तालुक्यांत शासनाला दुष्काळ जाहीर करावा लागला. पुढं दोनच वर्षांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, परंडा आणि भूमकडं पुरानं रानं खरवडून नेली. ज्यांचं ठिबक त्या गाळात गेलं त्यांनी फाटक्या नळीचे धड तुकडे वेचून, कापून, जोडून पुन्हा ओळी उभ्या केल्या. एवढं कापायचं तर कशानं कापायचं हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा राहत नाही.

ठिबकचं तंत्र इस्राएलात १९६० च्या दशकात बाजारात आलं. महाराष्ट्रात ते १९८० च्या दशकात रुजलं, जळगावच्या केळीवाल्यांनी ते उचललं, द्राक्षवाल्यांनी आणि ऊसवाल्यांनीही उचललं. कोरडवाहूवाल्याचा नंबर नेहमीप्रमाणं शेवटी. २०१५ साली प्रधानमंत्री कृषी सिंचाई योजना आली. अल्पभूधारकाला ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के असा अनुदानाचा आकडा ठरला, राज्यानं त्यात पुरवणी भर घातली. कागदपत्रं जमली की माल येतो. मालाची यादी आम्ही बऱ्याच घरी मागून पाहिली. फिल्टर, व्हॉल्व्ह, व्हेंचुरी, पाईप, लॅटरल, ग्रोमेट, टेकऑफ, जॉइनर, एंड कॅप, सगळं नग मोजून लिहिलेलं. कापायचं हत्यार आमच्या पाहण्यातल्या एकाही यादीत नव्हतं. फिटर येतो, आपल्या पिशवीतला कटर काढतो, दिवसभरात शेत उभं करतो, चहा पिऊन कटर पिशवीत घालतो आणि जातो. दुसऱ्या दिवशी कोळप्याच्या पासेत नळी अडकते, तुटते, आणि घरच्या बाईच्या हातात असतं ते खुरपं!

आता ते तिरपं तोंड काय करतं ते बघू. जॉइनरच्या टोकाला काटे असतात, माशाच्या खवल्यासारखे एकावर एक, आत जायला सोपे आणि बाहेर यायला अवघड. नळीचं तोंड सरळ असेल तर ती सगळ्या बाजूंनी सारखी चढते आणि प्रत्येक काट्यावर चहूबाजूंनी पकड बसते. तोंड तिरपं असेल तर एका बाजूला नळी तळापर्यंत गेलेली असते आणि दुसऱ्या बाजूला एखाद्याच काट्यावर टेकलेली. पाण्याचा दाब त्या उणी बाजू शोधून काढतो. सकाळी थेंब येतो. दुपारी ऊन चढलं की काळी नळी तापते, मऊ पडते, पकड आणखी ढिली होते, आणि एक दिवस जोड फट्‌कन सुटतो.

गळतीचा हिशेब आम्ही मांडून पाहिला. पाच फुटांवर नळी टाकली तर एका एकरात साधारण २,६५० मीटर नळी लागते, म्हणजे ५० मीटरच्या ५३ ओळी. प्रत्येक ओळीचं सुरुवातीचं एक टोक, आणि मध्ये दुरुस्तीचा एक जोड धरला तर त्याची दोन टोकं. एकूण १५९ कापलेली तोंडं. दहात एक तिरपं गेलं असं धरा, १६ गळत्या झाल्या. एका गळतीखाली तांब्या धरला आणि पाच मिनिटांत लिटर भरलं, तर तासाला १२ लिटर. सोळा गळत्यांचे १९२ लिटर. ताशी ४ लिटरचा ड्रिपर असेल तर हे ४८ ड्रिपरचं पाणी झालं. दोन फुटांवर ड्रिपर असतील तर एकरात चार हजारांवर ड्रिपर असतात, म्हणजे गेलेलं पाणी शेकडा एकाच्या आसपास. कुणी म्हणेल, एवढ्यानं काय होतं? थेंबांच्या गळतीनं खरंच फार होत नाही. जोडाखाली लव्हाळा माजतो, एवढंच.

घात होतो तो सुटलेल्या जोडानं. आपल्याकडं लाईट रात्रीच्या पाळीत असते. मोटर आपोआप चालू होते, माणूस घरी झोपलेला. एक नळी टेकऑफवरून निसटली की त्या वाटेचा दाब बसतो, शेवटच्या ओळींचे ड्रिपर गप्प होतात, आणि विहिरीतलं अर्ध्या तासाचं पाणी एका जागी चिखल करून मोकळं होतं. सकाळी शेतात गेलं तर एका कोपऱ्यात डबकं आणि बाकी रान कोरडं. पुन्हा पाणी साठायला दोन दिवस. दडीच्या आठवड्यात ते दोन दिवस म्हणजे किती पात्या, ते तुम्हाला आम्ही सांगायला नको.

म्हणून हत्यारांकडं येऊ. घरात जी आहेत तीच आधी घेऊ.

विळा हा ओढून कापतो. त्याला दात असले तर ज्वारीच्या ताटाला तो छान, कारण ताट उभं असतं आणि मुळांनी धरलेलं असतं. नळी गोल, गुळगुळीत आणि मोकळी. ती घसरते, फिरते, आणि पातं वाकड्या वाटेनं बाहेर पडतं. त्यात नळी गुडघ्यात धरून विळा आपल्याकडं ओढायची सवय. अंगठ्याच्या मुळाशी पांढरा व्रण असलेले हात आज या मांडवात किती आहेत ते वर करायला लावत नाही. खुरप्यानं नळी दगडावर ठेवून ठेचावी लागते. ठेचलेली नळी चपटी होते, दोन्ही कडांना घडी पडते, आणि पुढची चीर त्या घडीतून जाते. कोयत्याचं सांगायलाच नको. तो ऊसतोडीला जाऊ द्या.

दाढीचं ब्लेड सरळ कापतं, हे खरं. नवी नळी असेल आणि हात स्थिर असेल तर ब्लेडचा काप कटरच्या तोडीचा. पण ते धरायला जागा नाही, जुन्या ताठ नळीत ते वाकतं आणि मोडतं, आणि मोडलेला तुकडा ढेकळात पडला तर अनवाणी माणसाच्या पायात जातो. मोडकं पातं रानात टाकणं आम्हाला परवडत नाही.

आरीचं पातं, ज्याला आपण हॅकसॉ म्हणतो, ते पुष्कळ जण वापरतात, कारण पीव्हीसी पाईपसाठी ते घरात असतंच. लॅटरलला ते अजिबात लावू नका. याचं कारण कापाच्या सरळपणात नाही, किसात आहे. करवतीनं प्लॅस्टिक कापलं की त्याचा कीस पडतो, काही नळीच्या आत. ड्रिपरच्या आतली वाट नागमोडी असते आणि तिची रुंदी मिलिमीटरच्या आतबाहेर. आपण विहिरीजवळ फिल्टर बसवतो तो विहिरीतली घाण अडवायला. हा कीस फिल्टरच्या पुढं, आपल्याच हातानं नळीत घातलेला असतो. त्याला अडवणारं पुढं काहीच नाही. मग ओळीच्या शेवटचे ड्रिपर बंद पडतात आणि आपण क्षाराला दोष देऊन आम्ल सोडत बसतो. आम्लानं क्षार विरघळतो, प्लॅस्टिकचा कीस विरघळत नाही.

कात्रीला दोन पाती. दोन्ही बाजूंनी नळी चिमटली जाते, तोंड लांबुळकं होतं. डाळिंबवाल्यांचा सिकेटर तिच्यापेक्षा बरा, अडीनडीला चालेल, पण तो ओल्या फांदीसाठी घडवलेला आहे. त्याचं पातं दुसऱ्या पात्याच्या बाजूनं सरकत जातं, म्हणून काप थोडा कलतो. शिवाय ज्या सिकेटरनं तेल्या लागलेलं डाळिंब छाटलं तो निर्जंतुक न करता इकडंतिकडं फिरवू नये, हे वेगळंच.

राहिला नळीचा कटर. त्याची रचना साधी आहे. खाली अर्धगोल बैठक, वर एकच पातळ पातं. नळी बैठकीत बसते, तिला फिरायला आणि घसरायला जागा मिळत नाही, आणि पातं वरून सरळ खाली येतं. कीस पडत नाही, घडी पडत नाही, हात दोन्ही पात्याच्या मागं राहतात. १६ मिलिमीटरच्या नळीला साधा, स्प्रिंगचा कटर पुरतो. मोठ्या पाईपलाही चालणारे, दट्ट्यादट्ट्यानं आवळत जाणारे रॅचेटचे कटर मिळतात. त्यांना जोर कमी लागतो, वेळ जास्त. साध्या कटरची किंमत मजुराच्या एका दिवसाच्या रोजाच्या आसपास असते. फार महागाच्या मागं लागू नका, आणि फुटपाथवरचा सर्वांत स्वस्तही घेऊ नका.

दुकानात जाताना रिकाम्या हातानं जायचं नाही. आपल्याच शेतातल्या जुन्या नळीचा हातभर तुकडा पिशवीत टाकायचा. नवी नळी कोणताही कटर कापतो. चार उन्हाळे खाल्लेली नळी ताठ झालेली असते, तिच्यावर पात्याची खरी परीक्षा. दुकानदाराला म्हणायचं, कापून बघतो. तो नाही म्हणाला तर दुसरं दुकान. कापलेला बोटभर तुकडा काउंटरच्या काचेवर उभा करायचा, घरी असाल तर उलट्या परातीवर. ताठ उभा राहिला तर काप सरळ. कलला तर कटर परत. मग कटर मिटवून उजेडाकडं धरायचा. पातं बैठकीच्या मधोमध बसतं की एका अंगाला जातं ते बघायचं. पातं स्क्रूनं बसवलेलं असावं, रिबिटानं ठोकलेलं नको, म्हणजे बदलता येतं. मिटल्यावर अडकवायची कडी असावी, कारण हे हत्यार बाईच्या ओट्यात, पोराच्या खिशात फिरणार आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचं, मूठ. कटर विकत घेतो पुरुष, आणि वापरतं कोण? भूम, परंडा, कळंब, वाशीकडची बरीच घरं दिवाळीनंतर कारखान्याला जातात. मागं म्हातारी माणसं आणि राहिलेल्या बायका रान सांभाळतात. नळ्या गुंडाळणं, पसरणं, उंदरानं कुरतडलेली जागा शोधणं ही कामं त्याच करतात. तेव्हा कटर निवडायला त्यांनाच दुकानात न्या. कटर पूर्ण उघडल्यावर तिच्या मुठीत मावला पाहिजे. आपल्या पंज्याला बसला म्हणून घेतला, तर तो खुंटीला लटकेल आणि शेतात पुन्हा खुरपंच चालेल.

दूर कॅनडातल्या क्वेबेकमध्ये आणि अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये मेपल नावाच्या झाडाचा रस काढतात. हिवाळा सरताना रात्री बर्फ आणि दिवसा ऊन असं झालं की झाडातून गोड पाणी पाझरतं. पूर्वी ते बादल्यांनी गोळा करत. आता झाडाझाडाला नळ्या जोडून सगळं रान विणलेलं असतं, आणि शेवटी पंप लावून रस ओढून घेतात. साधारण ४० लिटर रस आटवला की एक लिटर पाक होतो. तिथले शेतकरीही नळी कोणत्या हत्यारानं कापावी यावर आपल्यासारखेच वाद घालतात. त्यांची अडचण उलटी आहे. पंप ओढत असल्यामुळं जोड सैल झाला तर रस बाहेर पडत नाही, हवा आत शिरते. गळती डोळ्याला दिसत नाही, ओळीनं चालत कान देऊन फुसफुस ऐकावी लागते. त्यांनी त्यावर असं हत्यार काढलं आहे की ते नळीची दोन्ही टोकं चिमट्यात धरतं, आणि मूठ आवळली की जोड आत बसतो. बर्फात बोटं गारठलेली असतात म्हणून. आपल्याला तेवढं नको. आपल्याकडं गळती दिसते तरी.

कापायच्या रीतीबद्दल थोडं. दुपारच्या उन्हात नळी मापून कापू नका. प्लॅस्टिक उन्हात वाढतं. या नळीचं गणित मीटरला एका अंशाला साधारण मिलिमीटरचा पाचवा भाग असं आहे. ५० मीटरची नळी दुपारपेक्षा पहाटे २० अंशांनी गार झाली तर २० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर आखडते. दुपारी ताणून नेमकी कापलेली नळी पहाटे स्वतःच जोड उपसते. सकाळी कापा, आणि तरीही वीतभर ढील ठेवा.

आतमध्येच ड्रिपर असलेली इनलाइन नळी असेल तर कापण्याआधी बोटानं चाचपा. ड्रिपरवर पातं मारलं तर पात्याला खांडा पडतो आणि जॉइनर बसत नाही. दोन छिद्रांच्या मधोमध कापायचं. उंदरानं किंवा खारीनं कुरतडलेली जागा असेल तर भोकापुरतं कापू नका, दोन्ही बाजूंना चांगली, गोल नळी लागेपर्यंत मागं या. नळीवरची माती आधी फडक्यानं पुसा. काळ्या मातीतली वाळू पात्याची धार खाते, आणि तीच माती तोंडातून आत जाते. जोड बसत नाही म्हणून काडी ओढून नळी तापवायची पद्धत सोडा. ज्योतीनं तोंड वितळतं आणि पातळ पडतं. किटलीतल्या गरम पाण्यात टोक घटकाभर बुडवलं की पुरे. जोडून झालं की शेवटची टोपणं काढून ओळी धुवा, आणि मगच बंद करा.

मोठ्या पाईपचं वेगळं. ६३ किंवा ७५ मिलिमीटरच्या पीव्हीसीला लहान कटर पुरत नाही, तिथं बारीक दातांची करवत किंवा हॅकसॉच. कागदाची पट्टी पाईपभोवती कडेला कड जुळवून गुंडाळा, तिच्या कडेनं खूण करा, आणि खुणेवर पाईप फिरवत फिरवत कापा. कडेवरचा कीस कानशीनं काढा, आतून फडकं फिरवा, मग सोल्युशन. ही करवत घरटी लागत नाही, वस्तीत एक असली तरी भागतं. लॅटरलचा कटर मात्र घरटी हवा. नळी तुटते ती मोटर चालू असताना, आणि शेजारी त्या वेळी बाजारला गेलेला असतो.

पात्याला काम झाल्यावर तेलाचं बोट फिरवायचं. धार लावायची ती उतार असलेल्या बाजूनंच, सपाट बाजू दगडावर घासली की पातं कलतं आणि काप पुन्हा तिरपा. आणि या कटरनं तार, सुतळी, पऱ्हाटी काही कापायचं नाही. हे पोरांना बजावून सांगा, मोठ्यांनाही सांगा.

आता मागणीचं. ठिबकचा प्रस्ताव करताना यंदापासून आपण विक्रेत्याला दोन गोष्टी सांगायच्या. एक, मालाच्या यादीत एक कटर आणि एक पंच लिहून द्या. दोन, फिटर आला की त्यानं शेवटच्या पाच ओळी स्वतः न करता घरच्या माणसांकडून, म्हणजे बाईकडूनसुद्धा, कापून आणि जोडून घ्यायच्या. त्याशिवाय काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही करायची नाही. सही आपल्या हातात आहे, तोवरच फिटर ऐकतो. एकट्यानं सांगितलं तर विक्रेता हसून नेईल. गावातल्या दहा-बारा जणांनी एकाच दिवशी प्रस्ताव दिले आणि दहाही जणांनी हेच सांगितलं, तर तो कटर देईल. त्याला तो काही जड नाही. गाववार नावं घेण्यासाठी वही मागच्या बाजूला ठेवली आहे.

मांडवाच्या बाहेर बाजेवर विळा, सिकेटर, हॅकसॉ आणि तीन प्रकारचे कटर मांडले आहेत. शेजारी जुन्या नळीचं एक वेटोळं आहे आणि एक उलटी परात. जेवणाच्या सुट्टीत प्रत्येकानं सगळ्यांनी एकेक तुकडा कापून परातीवर उभा करून बघावा. आधी बायकांनी कापावं, गर्दी झाल्यावर त्यांना कुणी पुढं येऊ देत नाही. भावाच्या विषयाला बरोबर दोन वाजता सुरुवात करू.